ब्लॉक बदलावा की गाडी?

बेगम बाजारात मिळत नाही अशी वस्तू क्वचितच असेल. निजामअली खानांच्या हमदा बेगमेने ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि तिच्याच नावाने पेठ वसली, असे सांगतात. तेव्हापासून आजतागायत या अरुंद गल्ल्यांतून सारा दख्खन बाजार करून जात आला आहे. सुकामेवा, मसाले, मासळी, पूजेचे साहित्य, पितळेचे हंडे, पोलादाची ताटे. लग्नघराची यादी घेऊन सकाळी आत शिरलेला गृहस्थ दुपारपर्यंत यादी संपवतो आणि खिसा रिकामा करूनच बाहेर पडतो. आमचे भांड्यांचे दुकान तीन पिढ्यांपासून याच पेठेत आहे. परंतु दोन वर्षांपूर्वी आम्हांला एक वस्तू अशी हवी झाली की, ती या पेठेत मिळण्याजोगी नव्हती. आणि ती कोणती घ्यावी याविषयी आमच्या घरात जेवढा खल झाला, तेवढा कोणाच्या लग्नाच्या वेळीही झाला नसेल. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या इंजिनाचा ब्लॉक.

आमची मोटार कॉन्टेसा जातीची. तरुण वाचकांपैकी अनेकांनी ती पाहिलीही नसेल, म्हणून तिची कुळकथा थोडक्यात सांगतो. हिंदुस्तान मोटर्स या कंपनीने ही गाडी १९८४ साली बाजारात आणली. तिची अंगलोट मूळची विलायती, व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हीएक्स या गाडीची. लांबरुंद, बैठी, समोरून पाहिले तर छाती काढून उभी राहिल्यासारखी. पण या देखण्या देहात आरंभी जे इंजिन बसविले होते, ते अ‍ॅम्बॅसेडरचेच, १४८९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे. तालमीतल्या पैलवानाला शाळकरी पोराचे काळीज लावावे, तसला तो प्रकार होता. पुढे कंपनीने जपानच्या इसुझू कंपनीशी करार केला आणि कॉन्टेसाला १८१७ घन सेंटिमीटरचे नवे इंजिन व पाच गिअर मिळाले. अश्वशक्ती ऐंशीच्या पलीकडे गेली आणि गाडीचे जणू भाग्यच पालटले. ही इंजिने मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे तयार होत. पीथमपूर धार जिल्ह्यात आहे. म्हणजे पवारांच्या जुन्या संस्थानच्या मुलुखातले यंत्र निजामाच्या जुन्या राजधानीत येऊन धावू लागले, असे आमचे वडील कौतुकाने सांगत.

त्याच सुमारास, १९८५ साली, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने रोव्हरच्या सुंदर देहात आपले जुने इंजिन घालून स्टँडर्ड २००० ही गाडी काढली होती. ती काही चालली नाही. देह आणि काळीज यांचे जमले नाही, म्हणजे काय होते, याचे ते ठळक उदाहरण. कॉन्टेसा मात्र २००२ पर्यंत निघत राहिली. तिचे काळीज एकदा बदलले होते आणि त्या बदलानेच ती तगली होती. आमच्या घरच्या वादात ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

वडिलांनी ही गाडी १९९१ साली घेतली. तेव्हा हैदराबादच्या रस्त्यांवर तिच्यापुढे जाईल अशा गाड्या फार नव्हत्या. जहीराबाद, बिदर, भालकी करीत उदगीरला आजोळी जाताना वडील मालमोटारींच्या रांगेला सहज मागे टाकीत आणि मागे बसलेली आई पदर सावरून म्हणे, "जरा बेताने." वडील गेले, गाडी दादांकडे आली. दादांनी तिला शोभेची वस्तू होऊ दिले नाही. काचीगुड्याच्या घरातून सकाळी निघून बेगम बाजारच्या तोंडाशी गाडी उभी करायची आणि रात्री परत न्यायची, हा तिचा बत्तीस वर्षांचा नेम. शिवाय आईचे वय आता चौऱ्याऐंशी. तिचे गुडघे वाकत नाहीत. आजकालच्या छोट्या गाड्यांत तिला पाय लांब करून बसता येत नाही आणि उंच गाड्यांत तिला चढता येत नाही. कॉन्टेसाची मागली बैठक म्हणजे पलंगच. तीवर आई आडवे पाय टाकून बसते आणि दवाखान्यापासून देवळापर्यंत कोठेही येते. म्हणून गाडी बंद पडली तेव्हा आईचे घराबाहेर पडणेही बंद झाले. घरात झालेल्या सगळ्या चर्चेच्या पोटात हा एकच प्रश्न होता.

बिघाड हळूहळू उघड झाला. रेडिएटरचे पाणी कमी होई, पण खाली थेंब दिसेना. सकाळी गाडी सुरू केली की मागून पांढरा धूर निघे. मग एके दिवशी तेलाच्या टोपणाच्या आतील बाजूस ताकासारखा पांढरट थर दिसला. जाणत्यांस एवढे पुरे असते: पाणी आणि तेल, ज्यांनी जन्मात एकमेकांचे तोंड पाहू नये, ती आत कोठेतरी एकत्र येत होती. पुष्कळदा हेड आणि ब्लॉक यांमधील गॅस्केट फाटल्याने असे होते आणि ते बदलले की काम भागते. येथे तसे नव्हते. उस्तादांनी हेड उतरवून ब्लॉकच्या माथ्यावर बोट फिरविले, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या जागी ते थांबविले आणि म्हणाले, "साब, बाल आ गया. अब जित्ता डालो, उत्ता पानी पीती."

काचेला किंवा चिनी मातीच्या भांड्याला केसासारखी चीर जाते, तिला दख्खनीत 'बाल' म्हणतात. भांड्यांच्या व्यापाऱ्याला हा शब्द परका नाही. पण बिडाच्या त्या जाड ठोकळ्याला असे काही होईल, हे दादांना पटेना. उस्तादांनी पातळ लाल द्रव लावला, पुसला आणि वर पांढरी भुकटी मारली. क्षणभराने त्या भुकटीतून लाल रेघ वर आली. ती माथ्यावरून निघून पाण्याच्या वाटेपर्यंत गेली होती. तीस-बत्तीस वर्षे तापणे-निवणे आणि आतून गंजणे यांचा तो हिशेब होता.

ज्या भगिनींना यंत्राची आवड नसेल त्यांच्यासाठी एवढे सांगतो की, ब्लॉक म्हणजे इंजिनाचे जोते. घराच्या भिंती, छप्पर, दारे ही सारी जोत्यावर उभी असतात. तसे पिस्टन, क्रँक, हेड, पंप हे सारे ब्लॉकला धरून असते. त्यातील चार गोल विहिरींत पिस्टन वरखाली होतात आणि विहिरींभोवती पाणी खेळते. या विहिरी झिजल्या की त्या किंचित मोठ्या करून घेतात आणि त्या मापाचे मोठे पिस्टन घालतात. याला बोअर करणे म्हणतात. आमच्या इंजिनाच्या विहिरींचा मूळ व्यास ८४ मिलिमीटर. पाव-अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्यांनी तो मागेच ८५ पर्यंत गेला होता. कागदावर १८१७ घन सेंटिमीटर असलेले इंजिन अशा रीतीने प्रत्यक्षात १८६१ चे झाले होते. परंतु वाढलेले हे ४४ घन सेंटिमीटर भिंतींच्या जाडीतून काढलेले होते. आणखी काढण्यास भिंतीत काही उरले नव्हते.

आता काय करावे? ही बातमी घरात पसरताच प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे सल्ला दिला.

आमचे मेव्हणे नांदेडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचे मत स्पष्ट होते: गाडी मोडीत काढावी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, तपासणी, वाढत जाणारे शुल्क. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येते, ते जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. "गाडी सोडा, आठवण ठेवा," असे ते म्हणाले. सल्ला हिशेबी होता. पण आईला कशात बसवावयाचे, या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते.

दादांचे चिरंजीव गच्चीबावलीला संगणकाच्या कंपनीत आहेत. त्यांचे म्हणणे याच्या अगदी उलट. परदेशातून येणारे, कमी चाललेले एखादे जबरदस्त जपानी इंजिन मिळते. तेच बसवावे, अश्वशक्ती दुप्पट करावी आणि गाडीने पुन्हा एकदा महामार्ग गाजवावा. तरुण रक्ताला हे शोभतेच. आम्हांलाही ते चित्र दोन दिवस मोहवीत होते. उस्तादांनी मात्र एका वाक्यात निकाल दिला: "दिल शेर का लगाव, तो हड्डियाँ भी शेर की होना." त्यांचे म्हणणे आम्ही पुढे समजून घेतले. शक्ती दुप्पट केली की ती चाकांपर्यंत नेणारा क्लच, गिअरबॉक्स, लांब दांडा आणि मागला डिफरेन्शिअल हे सारे त्या भाराचे हवे. आणि गाडी धावली की ती थांबवावीही लागते, म्हणजे ब्रेक बदला. इंजिनाचे वजन बदलले की पुढल्या स्प्रिंगा बदला. एक वस्तू बदलावयास निघालेला माणूस शेवटी नवी गाडी बांधून बसतो आणि तिचे सुटे भाग तर कोणत्याच दुकानात मिळत नाहीत. शिवाय कायदा आहे, त्याचा विचार पुढे येईलच.

तिसरा सल्ला शेजारच्या दुकानदारांचा: डिझेल इंजिन बसवावे. हे अगदीच अशक्य नव्हते. कॉन्टेसा इसुझूच्या २ लिटर डिझेल इंजिनासह कारखान्यातूनच निघत असे. पण ते इंजिन आवाजी आणि चालीला मंद; शिवाय इंधनाचा प्रकार बदलावयाचा, तर नोंदणी कार्यालयाची संमती आधी हवी. जुन्या डिझेल गाड्यांवर दिल्लीत काय वेळ आली, हेही सर्वांस ठाऊक होते. हा विचार एका संध्याकाळपलीकडे टिकला नाही.

राहिले दोन मार्ग. पहिला, जुनाच ब्लॉक वाचविणे. बिडाची चीर बुजविता येते. ब्लॉक सावकाश तापवून वेल्डिंग करतात किंवा चिरेच्या वाटेवर एकापुढे एक स्क्रू बसवून ती शिवूनही काढतात. विहिरींत पोलादी-बिडाच्या नळ्या, म्हणजे स्लीव्ह, घालून व्यास पुन्हा ८४ वर आणता येतो. दादांचा जीव या मार्गाकडे ओढत होता, आणि त्याचे कारण यांत्रिक नव्हते. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. वडिलांच्या हातच्या कागदांवर तोच क्रमांक आहे. ब्लॉक गेला की क्रमांक गेला. "मग ही बाबांची गाडी राहते का?" असे दादांनी विचारले, तेव्हा कोणीच काही बोलले नाही.

दुसरा मार्ग उस्तादांनी दाखविला. इसुझूचे हेच १८१७ घन सेंटिमीटरचे इंजिन पुढे हिंदुस्तान मोटर्सने अ‍ॅम्बॅसेडरलाही दिले होते; अ‍ॅम्बॅसेडर १८०० आयएसझेड ती हीच. कॉन्टेसाहून तिची संख्या कितीतरी अधिक. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी मोडीत निघालेल्या अशा गाड्यांचे ब्लॉक अजून मिळतात. तोच वंश, तेच माप. क्रँक, हेड, कार्बोरेटर, तेलाचे तसराळे, सारे आमच्याच गाडीचे ठेवावयाचे. फक्त जोते नवे घ्यावयाचे.

येथे आम्हांला आमच्या धंद्यातील एक गोष्ट आठवली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वी प्रत्येक भांड्यावर नाव घालून घेण्याची चाल होती. लेकीच्या लग्नात दिलेल्या हंड्यावर, घंगाळावर बापाचे नाव, गाव आणि साल कोरलेले असे. पन्नास वर्षे आगीवर राहून हंड्याचे बूड जाई. मग बाई तो हंडा घेऊन दुकानात येई. वडिलांचा नियम असा की, नाव घातलेले भांडे मोडीच्या तागडीत टाकण्यापूर्वी तीनदा विचारावयाचे. पुष्कळदा बाई तिसऱ्या वेळी थबके. मग वडील तो हंडा तांबटाकडे पाठवीत. तांबट नवे बूड बसवून देई आणि नाव असलेला काठ तसाच राही. त्या बाईने हंडा दुसऱ्याचा झाला असे कधी म्हटले नाही. पण बूड पुन्हा पुन्हा ठिगळे लावून चालविण्यासही वडील मना करीत. "पाणी तापवायचे भांडे आहे, देव्हाऱ्यात ठेवायचे नाही," असे ते म्हणत. ठिगळाचे बूड भर आगीवर सुटले तर पोरांच्या अंगावर पाणी सांडते.

ही आठवण आम्ही दादांना सांगितली. जुना ब्लॉक शिवून घेतला असता तर तो कदाचित दहा वर्षे टिकला असता, कदाचित जहीराबादच्या अलीकडे मे महिन्याच्या उन्हात सुटला असता. आणि मागे आई बसलेली असती. जी गाडी वर्षातून चार वेळा मिरवणुकीला निघते, तिच्यासाठी मूळ क्रमांकाचा हट्ट समजण्यासारखा आहे. रोज राबणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा. दादा त्या रात्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी ते गोशामहालच्या बाजूला जाऊन आले.

बेगम बाजाराला लागूनच गोशामहाल. तेथल्या गल्ल्यांत मोडलेल्या मोटारींचे अवयव रचून ठेवलेले असतात. नवे भाग घेणारा राणीगंजला जातो. जुने शोधणारा इकडे येतो. तेथे आणि शहरातील आणखी दोन-तीन ठिकाणी मिळून आम्हांला तीन ब्लॉक पाहावयास मिळाले. उस्ताद बरोबर होते. त्यांनी ते कसे पारखले, हे वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून विस्ताराने लिहितो.

पहिला ब्लॉक दिसावयास सर्वांत सुरेख, ताजा रंग लावलेला. उस्तादांनी तो उलटा केला. क्रँक ज्या पाच आधारांवर फिरते, त्यांच्या टोप्या त्यांनी पाहिल्या. एक टोपी इतरांहून वेगळी होती. कारखान्यात या टोप्या ब्लॉकवर घट्ट बसवून मगच आरपार भोक पाडतात. म्हणून एका ब्लॉकची टोपी दुसऱ्याला चालत नाही. तशी बसविली तर क्रँक सरळ रेषेत फिरत नाही आणि बेअरिंगे जळतात. दुसऱ्याचे जावई आपल्या पंक्तीला बसवावे तसे ते. ताट पुढे येते, नाते जुळत नाही. तो ब्लॉक आम्ही सोडला.

दुसरा ब्लॉक मापाला उत्तम होता आणि किंमतही कमी. पण जेथे क्रमांक असावयास हवा, तेथे लोखंड घासून गुळगुळीत केलेले. दुकानदार म्हणाला, "गंजला होता, साफ केला." उस्तादांनी हात झटकले. ज्या ब्लॉकला क्रमांक नाही, त्याची आई कोण हे सांगता येत नाही. तो चोरीच्या गाडीतूनही आलेला असू शकतो. अशी वस्तू फुकट मिळाली तरी महाग.

तिसरा ब्लॉक धुळीने माखलेला, तेलकट, कोपऱ्यात पडलेला. त्याच्याबरोबर मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद होता आणि त्यावरील क्रमांक ब्लॉकशी जुळत होता. तो मशिन शॉपमध्ये नेला. तेथे गरम क्षारात धुतल्यावर त्याचे खरे रूप दिसले. प्रत्येक विहिरीचा व्यास वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा दोनदा मोजला. विहीर वर रुंद होऊन खाली निमुळती राहिली आहे काय, ती लंबगोल झाली आहे काय, हे त्यावरून कळते. माथ्यावर पोलादी पट्टी ठेवून तिच्याखालून कागदाहून पातळ पाती सरकते काय, ते पाहिले. लाल द्रवाची परीक्षा झाली. शेवटी पाण्याच्या सगळ्या वाटा बंद करून आत हवा भरली आणि ब्लॉक टाकीत बुडविला. दादा आणि आम्ही टाकीच्या काठाशी उभे राहून पाण्याकडे पाहत होतो. एकही बुडबुडा आला नाही.

तो ब्लॉक फक्त एकदाच, अर्ध्या मिलिमीटरने बोअर झालेला होता. म्हणजे आणखी एकदा वाढविण्याइतके लोखंड शिल्लक होते. तो ८५ वर नेला. आतील भिंतींवर होनिंगने एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा काढल्या. भिंत आरशासारखी गुळगुळीत असावी असे आपणांस वाटते. पण या रेघांतच तेल टिकते आणि रिंगा बसतात. पिस्टन आणि बेअरिंगे नवी घातली. इंजिन बाहेर होते तोवर पेट्रोलच्या सगळ्या नळ्याही बदलून घेतल्या. मेव्हण्यांचा सल्ला एवढ्यापुरता आम्ही मानला.

आता कायद्याविषयी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनात फेरफार करण्यासंबंधी आहे. इंजिन बदलले की १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास कळवून प्रमाणपत्रावर नवा क्रमांक नोंदवून घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. पुष्कळ लोक हे करीत नाहीत. रस्त्यावर कोण बॉनेट उघडून पाहतो, असे म्हणतात. पण उद्या अपघात झाला, विम्याचा दावा करावा लागला किंवा नूतनीकरणाच्या वेळी क्रमांक जुळला नाही, तर इमानाने चालविलेल्या गाडीचा मालक संशयित ठरतो. दादा कागद घेऊन गेले. दोन खेपा पडल्या, पण नोंद झाली आणि विमा कंपनीसही कळविले.

प्रमाणपत्रावर नवा क्रमांक उमटलेला पाहून दादा क्षणभर गप्प झाले. तेव्हा आम्ही त्यांना गाडीच्या पाटीकडे पाहावयास सांगितले. पाटीवर 'एपी' आहे. २०१४ साली तेलंगणा झाले तेव्हा नव्या गाड्यांवर 'टीएस' आले, २०२४ पासून 'टीजी' आले. आमच्या गाडीवर जुनीच अक्षरे राहिली. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले, वडील हैदराबाद राज्यात शिकले, आणि १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हा आमचे घर येथेच राहिले. ज्या राज्याचे आम्ही होतो, ते आमच्या पायाखालून तीनदा बदलले. कागदोपत्री आमची ओळख पुन्हा पुन्हा लिहिली गेली. पण सकाळी देवासमोर म्हटली जाणारी आरती, जेवणातले वरण आणि मुलांना मराठी शाळेत घालण्याची धडपड ही चालूच राहिली. घराला घरपण त्यांनीच दिले. मूळ क्रमांकाचे मोल नाही असे आम्ही म्हणत नाही. पण जे रोज उपयोगात राहते, ज्याला वेळच्या वेळी योग्य ते बदल सोसतात, तेच टिकते.

पहिले हजार किलोमीटर गाडी जपून चालविली. एकाच वेगाने फार वेळ नेली नाही, चढावर दामटली नाही, तेल लवकर बदलले. चिरंजीवांना गाडी एवढी हळू चाललेली पाहवेना. पण हजार किलोमीटर झाल्यावर दादांनी त्यांनाच चालकाच्या जागी बसविले आणि मुंबई महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये पाय दाबावयास सांगितले. घरी आल्यावर चिरंजीव एवढेच म्हणाले, "काका, पुरे आहे. एवढी शक्ती पुरे आहे."

जुन्या ब्लॉकचा प्रश्न शेवटी आईपुढे गेला. तो दुकानाच्या मागल्या खोलीत पोत्यावर ठेवला होता. ठेवावा की मोडीत द्यावा? वडिलांच्या नियमाप्रमाणे दादांनी तीनदा विचारले. पहिल्या वेळी आई म्हणाली, "तुम्ही पाहा." दुसऱ्या वेळी तिने तो क्रमांक वाचून दाखविण्यास सांगितले, दादांनी वाचला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "भांड्यावर नाव कशाला घालतात? दुसऱ्याच्या घरी गेले तर ओळखू यावे म्हणून. आपली गाडी आपल्या दारात आहे. देऊन टाका."

ब्लॉक वजनावर गेला. बीड वितळते आणि त्याचे पुन्हा काही ना काही होते, हे भांड्यांच्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

ज्या वाचकांकडे अशी जुनी, पण रोज राबणारी गाडी असेल आणि ज्यांच्यावर अशी वेळ येईल, त्यांना आमचे सांगणे एवढेच की, ब्लॉक निवडताना आधी गाडीचे काम काय ते ठरवावे. शक्तीचा मोह धरण्यापूर्वी गाडीच्या इतर अवयवांची ताकद पाहावी. वंश एकच असलेला ब्लॉक घ्यावा. रंगावर न जाता मापावर जावे. टोप्या पाहाव्या, पाण्यात बुडवून पाहावा. आणि ज्याचा क्रमांक व कागद जुळत नाहीत, त्याला हात लावू नये. जाणता उस्ताद मिळाला तर त्याचे ऐकावे आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. दिवाळीनंतर आईला उदगीरला नेले. बिदरच्या पुढे रस्ता मोकळा लागला आणि दादांनी एका मागोमाग चार मालमोटारी मागे टाकल्या. आई मागल्या बैठकीवर पाय लांब करून झोपली होती. ती भालकी येईपर्यंत जागी झाली नाही.